एक डोळा झाकला तर चित्र मेंदूच्या एकाच गोलार्धाला दिसतं का? मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरींनी हे कसं साधलं, आणि घरच्या संगणकावर करून बघता येईल का?

डोळा झाकून हे साधत नाही. प्रत्येक डोळ्याच्या दृष्टिपटलावरून निघालेले तंतू दोन वाटांना लागतात. नाकाकडच्या अर्ध्या भागातले ऑप्टिक कायझमपाशी, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकत्र येतात तिथे, बाजू बदलतात, कानशिलाकडचे आपल्याच बाजूला राहतात. म्हणजे एकच डोळा उघडा असला तरी तो दोन्ही गोलार्धांना माहिती पुरवतो. विभागणी होते ती दृष्टिक्षेत्राची: नजर ज्या बिंदूवर खिळली आहे त्याच्या डावीकडचं सगळं आधी उजव्या गोलार्धात पोचतं, उजवीकडचं डाव्या.

स्पेरी आणि त्यांचे विद्यार्थी मायकल गॅझानिगा यांनी 1960 च्या दशकात कॅलटेकमध्ये याचाच उपयोग केला. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारासाठी ज्यांचा कॉर्पस कॅलोसम, म्हणजे दोन गोलार्धांना जोडणारा तंतूंचा पट्टा, कापला होता, अशा रुग्णांना पडद्याच्या मध्यबिंदूकडे बघायला सांगायचं आणि एका बाजूला सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी वेळ चित्र टाकायचं. वेळ इतका कमी का? नजर नव्या वस्तूकडे वळायला साधारण 200 मिलिसेकंद लागतात. चित्र त्याच्या आत गेलं नाही, तर डोळा तिकडे फिरतो आणि दोन्ही गोलार्धांना ते दिसतं. (पुढे एरान झायडेल यांनी डोळ्याबरोबरच फिरणारी, अर्धं क्षेत्र झाकणारी कॉन्टॅक्ट लेन्स वापरून ही वेळेची अडचण दूर केली.)

चमच्याचं चित्र डावीकडे दाखवलं की रुग्ण म्हणायचा, काही दिसलं नाही. पण उजव्या गोलार्धाच्या ताब्यातला त्याचा डावा हात पडद्याआड चाचपून चमचाच उचलायचा. गॅझानिगा आणि जोसेफ लेडू यांचा प्रयोग मला याहून मोलाचा वाटतो. पी. एस. या रुग्णाला उजवीकडे कोंबडीचा पंजा आणि डावीकडे बर्फाचं दृश्य दाखवलं. समोरच्या चित्रांतून त्याच्या उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने फावडं. फावडं का, असं विचारल्यावर तो म्हणाला, कोंबड्यांची खुराडी साफ करायला. बोलणाऱ्या डाव्या गोलार्धाला बर्फ दिसलाच नव्हता, तरी त्याने कारण जुळवून दिलं.

घरी करायचं तर डोळे पडद्यापासून 57 सेंटिमीटरवर ठेवा. या अंतरावर पडद्यावरचा 1 सेंटिमीटर म्हणजे जवळपास 1 अंश. मध्यभागी अधिक-चिन्ह, आणि चित्राची आतली कड त्यापासून निदान 3 सेंटिमीटर दूर. हनुवटी टेकवायला पुस्तकांची चळत पुरते. 60 हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची, म्हणून 150 मिलिसेकंदांसाठी 9 फ्रेम मोजून द्या. सायकोपाय हे अशा प्रयोगांचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि फ्रेममध्ये वेळ देऊ देतं. प्रेझेंटेशनच्या स्लाइडवर वेळेसाठी विसंबू नका. डावं-उजवं यादृच्छिक हवं, नाहीतर नजर आधीच त्या बाजूला सरकते. उत्तराचं बटण अर्ध्या फेऱ्यांत डाव्या हाताने, अर्ध्यांत उजव्या हाताने दाबायचं.

नजर मध्यावर होती की नाही, हे तपासण्यासाठी पूर्वी चिन्हाच्या जागी एक अंक दाखवून तो आधी म्हणायला लावत. पण अंक उच्चारण्यात डावा गोलार्ध गुंततो आणि निकाल झुकू शकतो. नजर टिपणारं यंत्र, म्हणजे आय-ट्रॅकर, असेल तर उत्तमच.

सगळ्यात जास्त फसगत होते ती शब्दांमुळे. डावीकडून वाचायच्या लिपीत उजव्या बाजूच्या शब्दाचं पहिलं अक्षर नजरेच्या जवळ पडतं, डाव्या बाजूच्या शब्दाचं सर्वांत दूर. त्यामुळे उजवीकडचे शब्द सोपे वाटण्यात वाचनाच्या दिशेचाही वाटा असतो. रोमन अक्षरं उभी रचून हा परिणाम कमी करतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचं रूपच बिघडतं. मराठीत एकेक अक्षर किंवा चेहरे घ्या.

शस्त्रक्रिया न झालेल्या माणसात माहिती पलीकडे जायला काही मिलिसेकंदच लागतात. साध्या कीबोर्डची चूकही तेवढीच असू शकते. म्हणून वेळेपेक्षा बरोबर उत्तरांचं प्रमाण मोजा, आणि दहा-वीस फेऱ्यांवरून स्वतःला डाव्या किंवा उजव्या मेंदूचा ठरवू नका.