मोगली पुन्हा पाहताना

प्रिय मित्रा,

2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘जंगल बुक’ ही जुनी कार्टून मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा ती तुझी झाली. आता त्याच नावाचा 2016 चा चित्रपट पाहायचा म्हणतोस, आणि आपला मोगली त्यात हरवेल अशी तुला धास्ती आहे. धास्ती खोटी नाही. पण अशा चित्रपटांनी होणाऱ्या निराशेचं मोठं कारण अगदी साधं असतं: प्रेक्षक चित्रपटात जे शोधतो ते त्याच्या घराण्यातच नसतं. म्हणून तिकीट किंवा रिमोट हातात घेण्याआधी वंशावळ लावून घे.

तुझी मालिका जपानी. निप्पॉन ॲनिमेशनने ती 1989 मध्ये सुरू केली, भाग 52. आपल्याकडे ती 1993 मध्ये रविवार सकाळची झाली, हिंदीत. 2016 चा, दिग्दर्शक जॉन फॅव्हरो यांचा चित्रपट डिस्नेचा; त्याचा बाप डिस्नेचाच 1967 चा कार्टूनपट, आणि आजोबा इंग्रजी लेखक रुडयार्ड किपलिंगची 1894 आणि 1895 ची दोन पुस्तकं. मालिका थेट त्या आजोबांची लेक. म्हणजे नात्याने ती या चित्रपटाची आत्या लागते, आई नव्हे. नाक थोडं जुळेल, बाकी चेहरा वेगळाच असणार.

हे एकदा मनात बसलं की बरेच प्रश्न आपोआप सुटतात. मोगलीचं बूमरँग कुठे गेलं? ते मालिकेचं होतं, चित्रपटाला ते वारशात मिळालेलंच नाही. त्याऐवजी इथला मोगली दोऱ्या, वेली, दगड जुळवून मध काढण्याच्या युक्त्या करतो आणि काळा बिबट्या बघीरा त्यावर चिडतो. ‘का’ अजगराचंही तसंच. पुस्तकात तो मोगलीचा मित्र आहे, माकडांच्या तावडीतून त्याला सोडवायला धावतो. खलनायक त्याला 1967 ने केलं, आणि नव्या चित्रपटाने तेच पुढे चालवलं. माकडांचा राजा लुई तर पुस्तकात नाहीच. 1967 मध्ये तो ओरांगउटान होता. ओरांगउटान भारतात नसतो, म्हणून नव्या चित्रपटात त्याला जायगँटोपिथेकस हा नामशेष झालेला महाकाय वानर केलं आहे. हत्तींना सगळे प्राणी मान देतात आणि दुष्काळात पाणवठ्यावर तह होतो, ते मात्र किपलिंगच्या दुसऱ्या पुस्तकातून आलं आहे. तिथे जंगल घडवणारा पहिला जीव हत्तीच आहे. ही दृश्यं डोळे भरून पाहा. आजोबांचं रक्त तिथे सर्वात दाट आहे.

मालिकेलाही याच मापाने मोज. तिच्यातला किची हा लाल पांडा, आणि लाल पांडा राहतो हिमालयाच्या पूर्वेकडच्या डोंगरांत. किपलिंगची कथा मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या टेकड्यांत आणि वैनगंगेच्या काठी घडते. ती वैनगंगा पुढे आपल्या भंडारा, गडचिरोलीतून वाहते. ‘मूळ’ म्हणून जे आपण उराशी धरतो तेही कुणीतरी बदललेलंच असतं. आणि मूळ लेखक जन्माने मुंबईचा, 1865 चा, जेजे कला महाविद्यालयाच्या आवारातला. पण ही पुस्तकं त्याने लिहिली अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये. सिवनीला तो कधी गेलाच नव्हता.

आता प्रत्यक्ष पाहण्याबद्दल.

चित्रपटाआधी मालिकेचे भाग पुन्हा पाहू नकोस. सगळेच हे करतात आणि इथेच फसतात. 52 भागांचे मिळून साधारण 20 तास होतात, चित्रपट पावणेदोन तासांचा. ताजी मालिका डोक्यात घेऊन बसलास तर प्रत्येक प्रसंग तुला ‘उरकलेला’ वाटेल. त्याऐवजी एक कागद घे आणि आठवणीतून पाच गोष्टी लिहून काढ: कोणता आवाज, कोणता रंग, कोणाची भीती वाटायची. कागद घडी करून ठेव. चित्रपट झाल्यावर दोन दिवसांनी मालिकेचे फक्त दोन भाग पाहा, मग कागद उघड. त्यातल्या काही गोष्टी मालिकेतही सापडणार नाहीत. त्या तुझ्या मनाने घातलेल्या असतात, आणि त्या मोडल्याचा दोष चित्रपटाला देता येत नाही.

भाषा हिंदी निवड. याला भावनेइतकंच कारागिरीचं कारण आहे. दूरदर्शनच्या मालिकेत शेरखान वाघाचा आवाज नाना पाटेकरांचा होता आणि 23 वर्षांनी चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतही तोच आहे. तुझ्या कानाला जुना धागा मिळेल तो इथेच. बल्लू अस्वल इरफान खान, पंजाबी ढंगात. बघीरा ओम पुरी. ‘का’ प्रियांका चोप्रा. मोगलीला वाढवणारी लांडगीण रक्षा शेफाली शाह. डबिंग सहसा ओठांवर पकडलं जातं, पण वाघाच्या किंवा अस्वलाच्या जबड्याला माणसासारखे ओठांचे आकार करताच येत नाहीत, त्यामुळे प्राण्यांवर हिंदी चपखल बसतं. खटकेल ते फक्त मोगलीच्या तोंडावर, कारण पडद्यावर खरा माणूस जवळपास तो एकटाच. पहिली दहा मिनिटं सोसलीस की कान सरावतात.

गुलज़ार आणि विशाल भारद्वाज यांचं, मालिकेच्या सुरुवातीचं चड्डीतल्या फुलाचं गाणं मात्र कथेत येईल म्हणून वाट पाहू नकोस. हिंदी आवृत्तीच्या प्रसिद्धीसाठी ते नव्याने ध्वनिमुद्रित केलं होतं. हवं तर आधी वेगळं ऐकून घे, म्हणजे मन अडकून राहणार नाही.

“प्राण्यांचे चेहरे मेल्यासारखे वाटतात” ही तक्रार तू ऐकशील. तिचं कारण असं: चित्रातला बल्लू भुवया उंचावतो, गाल फुगवतो, डोळे वाटेल तेवढे मोठे करतो. दूरचित्रवाणीच्या कार्टूनमध्ये चित्रं मोजकीच असतात. एकच चित्र दोन-तीन फ्रेम धरून ठेवतात आणि मधलं आपलं मन भरतं. खऱ्यासारख्या प्राण्याला तशी भुवई देता येत नाही, दिली तर तो लगेच खोटा वाटतो. म्हणून भाव चेहऱ्यावरून निघून इतरत्र जातो. कान पाहा, शेपटीचं टोक पाहा, खांद्याची हालचाल पाहा. शेरखान पाणवठ्यावर येतो तेव्हा सगळी दहशत त्याच्या चालीत आणि बाकीच्यांच्या मागे सरकण्यात आहे. चेहऱ्यावर डोळे लावून बसलेल्याला ती अर्धीच दिसते.

घरी पाहणार असशील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘मोशन स्मूदिंग’ बंद कर. दर कंपनीत त्याचं नाव वेगळं असतं, पण ‘मोशन’ शब्द शोधलास की सापडतं. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमचा. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः घालतो आणि केस, पानं, पाणी सगळं गुळगुळीत होऊन स्वस्त दिसू लागतं. ‘का’चं दृश्य आणि शेवटची रात्र फार काळोखी आहे. ट्यूबलाइट चालू ठेवलीस तर काचेत स्वतःचंच तोंड दिसेल. पडदे ओढ, दिवे घालव.

सोबत घरातली लहान पोरं असतील तर आधीच सांगून ठेव की लांडग्यांचा म्होरक्या अकेला मरतो, आणि फार अचानक मरतो. आपल्या सेन्सॉरने याला यू/ए प्रमाणपत्र दिलं होतं. तेव्हा त्यावर बरीच टीका झाली, पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला शेजारी घेऊन बसणाऱ्याने ते मनावर घेतलेलंच बरं. शेरखानच्या झेपा सरळ प्रेक्षकाच्या अंगावर येतात.

शेवटाबद्दल तयारी ठेव. पुस्तकात मोगली म्हशींच्या कळपाखाली शेरखानला तुडवतो आणि त्याचं कातडं लांडग्यांच्या सभेच्या खडकावर पसरतो. 1967 मध्ये तो एका मुलीमागून गावात जातो. इथे शेरखान आगीत पडतो आणि मोगली जंगलातच राहतो. यातला कोणता शेवट तुला पटतो ते त्याच रात्री लिहून ठेव, इतरांची मतं वाचण्याआधी.

आणि नामावली सुरू झाली की उठू नकोस. तिथे एक पुस्तक दिसतं; 1967 चा कार्टूनपट तसंच पुस्तक उघडून सुरू झाला होता. अगदी शेवटी एक ओळ येते की हे चित्रण लॉस एंजेलिस शहरात झालं. सगळं जंगल, पाऊस आणि वैनगंगा एका बंद स्टुडिओत, संगणकावर उभी केलेली. ती ओळ वाचून झाली की पाणवठ्याचं दृश्य पुन्हा एकदा लाव. पाहून झाल्यावर तुझा कागद मला पाठव.

अनेक आशीर्वाद.