नवा अभ्यासग्रंथ घेताना: आधी शेवटची पानं उघडा

अभ्यासग्रंथ वाचायला सुरुवात करताय ना? मग मुखपृष्ठावरची शिफारस सोडा आणि थेट मागची पानं उघडा. मराठेशाहीवरचं नवं पुस्तक हातात आलं, तर टिपांमध्ये लेखक कुठे कुठे फिरलाय ते पाहा. पेशवे दफ्तरातले मोडी कागद आहेत? रुमालाचा, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्याचा, क्रमांक दिलाय? फारसी, पोर्तुगीज साधनं दिसतात? की आधीच्या चार ग्रंथांतलंच पुन्हा दळलंय? दहा मिनिटांत पाणी कळतं. मग प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण वाचा. मधली प्रकरणं सलग वाचलीच पाहिजेत असा काही कायदा नाही.

किमतीला बिचकू नका. विद्यापीठीय प्रकाशनं पहिली आवृत्ती बहुतेकदा ग्रंथालयांसाठी काढतात, म्हणून तिची किंमत डोळे पांढरे करते. थोडं थांबलं की बऱ्याचदा कागदी बांधणीची किंवा दक्षिण आशियासाठीची स्वस्त आवृत्ती येते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या यूसीएल प्रेससारखी काही प्रकाशनं तर पीडीएफ फुकट देतात, तीही कायदेशीर. यूसीएल प्रेसचं हे 2015पासून चालू आहे. मानववंशशास्त्रापासून नगररचनेपर्यंत सगळं मिळतं. पुण्यात असाल तर भारत इतिहास संशोधक मंडळ आणि भांडारकर संस्था यांची ग्रंथालयं आहेतच.

नव्या विषयात मात्र एकच पुस्तक वाचून वाद घालायला जाऊ नका. त्याचं म्हणणं खोडून काढणारं दुसरं शोधा. संशोधन नियतकालिकांतली परीक्षणं त्यासाठी उत्तम. त्यात कधी कधी असे चिमटे असतात की मूळ ग्रंथापेक्षा मजा येते!