पाय लागला तर? – वाचकांचे प्रश्न, बर्लिनहून उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. मी आणि ही, दोघं लेकीकडे बर्लिनला दोन महिने राहून आलो. तिच्या बिल्डिंगच्या दारासमोर फुटपाथमध्येच पितळेचे चार छोटे चौकोन बसवलेत, वर नावं, जन्मसाल वगैरे. जावई म्हणाले इथे एक ज्यू कुटुंब राहायचं, १९४३ ला त्यांना नेलं. पण मग त्यांची नावं अशी पायाखाली? लोक वरनं सायकली नेतात, कुत्री फिरवतात. एकदा माझा पाय लागला तर हात आपोआप छातीशी गेला. ही तर रोज बाजूने उडी मारून जायची, या वयात. ह्या लोकांना काहीच वाटत नाही का? – एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : काका, वाटतं की. आणि तुम्ही जे विचारताय तेच म्युनिकमध्ये विचारलं गेलं, तेही तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष बाईंनीच विचारलं, की ज्यांना जिवंतपणी तुडवलं त्यांची नावं परत बुटांखाली कशाला. म्युनिकने २००४ मध्ये सार्वजनिक फुटपाथवर असे दगड बसवायला मनाई केली ती आजही आहे, तिथे आता भिंतीवर पाट्या लावतात नाहीतर खांब उभे करतात. म्हणजे काकूंची उडी काही अडाणीपणाची नाही, उलट त्यांना सांगा की अर्धं म्युनिक तुमच्या बाजूने आहे.

ह्या दगडांना श्टोल्परश्टाइन म्हणतात, ठेच लागायचा दगड. गुंटर डेमनिग नावाच्या कलावंताने १९९२ मध्ये कोलोनमध्ये सुरुवात केली, बर्लिनमध्ये पहिले १९९६ ला बसले तेव्हा परवानगी वगैरे काही नव्हती, ती नंतर मिळाली. दहा सेंटीमीटर बाय दहा सेंटीमीटर, बस. वर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं 'हिअर वोन्टे', म्हणजे इथे राहत होते, मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. स्मारक चौकात नाही, त्या माणसाच्या शेवटच्या राहत्या घराच्या दारात. २०२३ पर्यंत युरोपभर असे एक लाख दगड झालेत. आणि डेमनिगच्या बाजूचे लोक काय म्हणतात माहितीय का, नाव वाचायचं तर वाकावंच लागतं. मला हे ऐकल्यावर आपला वाकून नमस्कार आठवला, त्यांना तो माहीत नसणार पण पोचले तिथेच.

पुढच्या वेळी नोव्हेंबरात जा. ९ नोव्हेंबरला लोक संध्याकाळी खाली उतरतात, गुडघ्यावर बसून पितळ घासतात आणि मेणबत्ती लावतात, अगदी आपण दिवाळीच्या आधी समया घासतो तसं. १९३८ मध्ये त्याच रात्री देशभर ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली, जाळली होती. आता गंमत (गंमत कसली) अशी की बर्लिनची भिंत पडली तीपण ९ नोव्हेंबरलाच, १९८९ ला. एवढा आनंदाचा दिवस, पण राष्ट्रीय सुट्टी त्या दिवशी ठेवली नाही, ३ ऑक्टोबरला ठेवली. त्यामागे हेही एक कारण होतं, त्या तारखेला नुसते फटाके कसे उडवणार.

प्रश्न : मुलाला मास्टर्ससाठी बर्लिनमध्ये ॲडमिशन मिळालीय. तिथे आता पूर्व-पश्चिम असं काही राहिलं नाही ना? भिंत पडून पस्तीस वर्षं झाली. – एक आई, नाशिक

उत्तर : काही म्हणजे तसं काहीच नाही, खोली जिथे मिळेल तिथे घेऊ दे, खोल्यांची मारामार दोन्हीकडे सारखीच आहे. भिंत होती तिथे रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ आहे, गाड्या वरनं जातात, कोणी बघत पण नाही.

पण त्याला ट्रामचा नकाशा नीट बघायला सांगा. जवळजवळ सगळं जाळं पूर्वेकडे. कारण पश्चिम बर्लिनने ट्राम जुनाट म्हणून काढून टाकल्या, शेवटची १९६७ मध्ये धावली, आणि पूर्वेने ठेवल्या. भिंत पडल्यावर रूळ पश्चिमेत थोडेसे गेले, बाकी जिथल्या तिथेच. रात्री अंतराळातून काढलेल्या फोटोतसुद्धा पूर्वेकडचे दिवे पिवळट आणि पश्चिमेकडचे पांढरट दिसतात, दिवे वेगळ्या जातीचे म्हणून. नॉर्डबानहोफ स्टेशनवर उतरला तर तिथे प्रदर्शन आहे ते बघ म्हणावं. भिंत होती तेव्हा पश्चिमेच्या भुयारी गाड्या पूर्वेच्या पोटातून न थांबता जायच्या, अंधाऱ्या प्लॅटफॉर्मवर बंदूकवाले शिपाई उभे, अशी स्टेशनं होती. लोक त्यांना भुताची स्टेशनंच म्हणायचे.

माझ्या ऑफिसात एक पन्नाशीची बाई आहे, पूर्वेत वाढलेली, तिची आवडती बेकरी दोन स्टॉप पुढे आहे पण भिंतीच्या त्या बाजूला, तर ती अजून म्हणते "पलीकडे जाऊन पाव आणते". सुरुवातीला मला हसू यायचं. मग एकदा आईशी फोनवर बोलताना तिने कोणाचं तरी लग्न "पानशेतच्या आधी" झालं असं सांगितलं आणि मी गप्प बसले. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, आणि बर्लिनची भिंत घालायला सुरुवात झाली १३ ऑगस्ट १९६१ ला, बरोबर महिना आणि एक दिवस. आई बोलताना मला कधी ते विचित्र वाटलंच नव्हतं.

प्रश्न : रविवारी एक दुकान उघडं नाही, दूध संपलं तर काय करायचं? एवढा प्रगत देश! – एक त्रासलेला वाचक, ठाणे

उत्तर : शनिवारी दोन पिशव्या जास्त आणायच्या. मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात. रविवारची विश्रांती जर्मनीच्या १९१९ च्या, वायमार नावाच्या राज्यघटनेत लिहिलीय, ती राज्यघटना गेली, हिटलर आला नि गेला, पण ते कलम १९४९ च्या घटनेत जसंच्या तसं उचललं. तुमचा चहा शंभर वर्षांपूर्वीच्या वाक्याने अडवलाय.

प्रश्न : बर्लिनमध्ये मराठी माणसाने बघावं असं काही? म्युझियम नको. – कॉलेजमधली वाचक, सांगली

उत्तर : डालेमला जा, ईनेश्ट्रासे २२. साधी इमारत आहे, आत आता विद्यापीठाचे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. १९२७ पासून तिथे मानववंशशास्त्राची संस्था होती आणि आपल्या इरावती कर्वे तिथेच पीएचडी करत होत्या. गाइड ऑयगेन फिशर, वंशशुद्धीवाला माणूस. त्याचं म्हणणं असं की गोऱ्यांची बुद्धी जास्त, ते कवटीच्या दोन बाजूंच्या कमीजास्तपणात दिसायला पाहिजे, आणि ते सिद्ध करायचं काम बाईंकडे. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. आणि लिहिलं की वंशाचा आणि ह्याचा काही संबंध दिसत नाही. परक्या देशातली विशीतली मुलगी, गाइडच्या विरुद्ध. १९३० मध्ये पदवी घेऊन त्या परत आल्या.

ती संस्था मात्र पुढे कुठे गेली तर आउशवित्झच्या छळछावणीपर्यंत, तिथनं मेंगेले नावाचा नाझी डॉक्टर इकडे माणसांचे अवयव पाठवायचा. आणि २०१४ मध्ये शेजारी विद्यापीठाचंच बांधकाम चालू होतं तेव्हा खड्ड्यात हाडं लागली. नंतर नीट खोदकाम केलं, सगळे मिळून साधारण सोळा हजार तुकडे निघाले. कोणाचे ते कळलं नाही, छळछावणीतले की वसाहतींतून आणलेल्या सांगाड्यांचे की आणखी जुने. ते शोधायचं तर हाडं परत मोजायला लागली असती, कोण कुठल्या वंशाचा म्हणून. ज्यू, सिंती-रोमा (ज्यांना जिप्सी म्हणायचे ते) आणि कृष्णवर्णीय संघटनांशी बोलून ठरलं की नको, ते मोजमाप परत नको. मार्च २०२३ मध्ये डालेमच्याच स्मशानभूमीत ती हाडं पुरली, नावांशिवाय.

दाराशी पाटी आहे, तिथेच मुलं सायकली लावतात. यू-थ्री मेट्रोने गेलीस तर स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं.