नळी हलते, किती आवळू?

प्रश्न: स्वप्निल कुसाळेला २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळालं, तेव्हापासून नातवाला नेमबाजीचं वेड लागलं आहे. त्याच्यासाठी नळी मोडून, म्हणजे खाली झुकवून, छर्रा भरायची एअर रायफल घेतली. साफसफाईसाठी मी ती घरीच खोलली, शिलाई मशीनचं तेल सोडलं आणि परत जोडली. आता नळी डावीउजवीकडे हलते, छर्रे वाट्टेल तिकडे जातात, वर धूरही निघतो. बोल्ट अजून किती आवळू?
— एक आजोबा, रामबाग, इंदूर

उत्तर: आजोबा, पाना जरा खाली ठेवा. आवळायचं आहेच, पण कुठे ते आधी बघू.

तुमच्या रायफलीची नळी दाराच्या बिजागरीसारखी एका बोल्टवर फिरते. तो बोल्ट दोन जबड्यांमधून आरपार जातो आणि नळीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी पातळ वॉशर असतात. खोलताना त्यातला एक हमखास घरंगळतो. म्हणून पलंगाखाली बघा! वॉशर नसेल तर कितीही आवळा, जबडे वाकतील पण नळी हलायची थांबणार नाही. काही रायफलींत या बोल्टच्या डोक्याला अडकवलेला एक छोटा स्क्रू असतो. तो आधी सैल करायचा, नाहीतर बोल्टच्या खाचा जातात. मी स्वतः घालवल्या आहेत, फिटर म्हणून एकतीस वर्षं काढल्यावरसुद्धा. चष्मा न लावता बसलो होतो.

बोल्ट कसा लागलाय ते असं ओळखायचं. नळी पूर्ण मोडून स्प्रिंग चढवा, बोट चापापासून लांब. आता नळी मधेच कुठेतरी सोडून बघा, खाली आधाराला हात असू द्या. आपल्याच वजनाने पडली तर बोल्ट सैल. ढकलताना करकरली तर जास्त आवळलाय. जिथे सोडली तिथेच राहिली की झालं, तिथून पुढे पाव आटाही नको. वॉशरला बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस.

हे करताना नातवाला शेजारी बसवा, पण चापाला हात लावू देऊ नका. नळी उघडी असताना चाप दाबला तर ती फटकन वर येते. बोट सापडलं तर तुटतं आणि नळी कायमची वाकते. शिकाऊ असताना आमच्या शेजारच्या मुलाची नळी अशी वाकलेली मी पाहिली आहे. दुरून सरळच दिसायची, दोऱ्याला लावल्यावर केळं. चढवलेली स्प्रिंग उतरवायची तर छर्रा घालून, नळी बंद करून, वाळूच्या डब्यात सोडा. रिकामी उडवू नका, आतला दट्ट्या (पिस्टन) पुढे आपटतो. आणि ती मुख्य स्प्रिंग घरी खोलायची नाही, दाबलेली असते, अंगावर येते.

धुराचं कारण तुमचं तेल. दट्ट्याच्या पुढे गेलेलं तेल हवा दाबली गेल्यावर पेटतं, मग एक छर्रा जोरात जातो, एक हळू. चिंधीने नळी कोरडी पुसा, पाचपन्नास छर्रे जाऊ द्या, बसेल.

नेम तरीही भटकला तर दोष बहुतेक लाकडी दस्त्याच्या स्क्रूंचा. दर झटक्याला ते ढिले होतात. पुढचे दोन आणि चापाजवळचा एक, आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करा. लाकूड दबायला लागलं की थांबा. सियागंजात निळं थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक, मिळतं, एकेक थेंब पुरे. लाल आणू नका, पुढच्या वेळी स्क्रू निघणार नाही.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. कुसाळेची रायफल ही ५० मीटरची, गोळीची, तुमची छर्ऱ्याची. घरात सासऱ्यांची वगैरे जुनी परवान्याची बंदूक पडली असेल आणि तिची नळीही अशीच हलत असेल, तर हे पान तिच्यासाठी नाही. तिच्या दुरुस्तीलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. ती परवानाधारक बंदूकवाल्याकडेच न्यायची.

वॉशर सापडला नाही तर मेड-इन-घर पत्र्याचा कापू नका. उरलेला दुसरा सोबत नेऊन तेवढ्याच जाडीचा आणा.