सुऱ्यांचा व्यवसाय : परवाना कशाला लागतो आणि कशाला नाही

प्रश्न : आमचे घराणे लोहारकामाचे. आजोबा खुरपी, विळे आणि ऊसतोडीचे कोयते घडवत असत. मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहे आणि सुट्टीच्या दिवशी ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांपासून) स्वयंपाकाच्या सुऱ्या तयार करतो. ओळखीचे लोक त्या विकत घेऊ लागल्याने हा व्यवसाय रीतसर सुरू करावा, असे वाटते. शोभेच्या कट्यारींबद्दलही विचारणा होते. परवाना, नोंदणी, कर आणि अर्थसाहाय्य यांविषयी मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : प्रथम कट्यारींचा विचार मनातून काढून टाकावा. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियमांत तलवार, खंजीर, भाला यांची नावेच दिलेली असून, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची तशी हत्यारेही त्याच वर्गात मोडतात. परवान्याशिवाय ती घडवणे किंवा विकणे हा गंभीर गुन्हा ठरू शकतो. वस्तू ‘शोभेची’ आहे, हा बचाव धार असलेल्या पात्यापुढे फारसा टिकणार नाही. याउलट घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी घडवलेली पाती या वर्गातून वगळलेली आहेत. त्यामुळे भाजीची सुरी, रुंद पात्याचा खाटकाचा सुरा किंवा उसाचा कोयता यांसाठी शस्त्रपरवाना लागत नाही. तरीही कोयते उगारून दहशत माजवल्याच्या बातम्या वरचेवर येत असताना बिलावर ‘स्वयंपाकाची सुरी’, ‘ऊसतोडीचा कोयता’ असा स्पष्ट उल्लेख करणे आणि मोठ्या पात्याच्या खरेदीदाराचे नाव-पत्ता लिहून ठेवणे शहाणपणाचे होईल. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश लागू असताना माल उघडा घेऊन फिरू नये. तो बांधलेला आणि सोबत बिल असलेलाच असावा.

नोंदणीचे काम त्या मानाने सोपे आहे. लघुउद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी आधार क्रमांकावर विनाशुल्क होते. तिच्यासाठी मध्यस्थाला पैसे देण्याचे कारण नाही. वस्तूंच्या विक्रीत वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत आहे आणि विक्री महाराष्ट्रातच आहे, तोवर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही. मात्र बेळगावच्या दुकानदाराला माल पाठवायचा झाल्यास परराज्यातील विक्रीचा नियम लागतो, म्हणून त्याआधी कर सल्लागाराला विचारावे. विळा-खुरप्यासारख्या हाताने चालवायच्या शेती अवजारांवर हा कर नाही, स्वयंपाकाच्या सुरीवर आहे. दोन्ही विकणार असाल, तर हिशेब पहिल्यापासून वेगळे ठेवावेत.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेतील १८ व्यवसायांत लोहारकाम आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. लाभ कुटुंबातील एकाच व्यक्तीला मिळतो आणि अर्जदार तो व्यवसाय स्वयंरोजगार म्हणून करत असावा लागतो. आपली नोकरी सुरू असल्याने हा मुद्दा अर्जापूर्वीच जिल्हा उद्योग केंद्रात स्पष्ट करून घ्यावा.

आता मालाविषयी, कारण कागदपत्रे पूर्ण असूनही व्यवसाय बुडतो तो बहुधा इथे. कमानपाट्याचे पोलाद सुरीला चालते, परंतु वर्षानुवर्षे भार सोसलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारे तडे असू शकतात आणि ते पाणी देताना, म्हणजे लाल तापवलेले पाते एकदम थंड करून कठीण करताना, उघडे पडतात. विक्रीच्या मालासाठी ज्ञात प्रतीची नवी पट्टी घेणेच योग्य. एकाच प्रतीचे पोलाद वापरल्यास प्रत्येक पात्याला सारखे पाणी देता येते. पाणी दिलेले पाते सुमारे २०० अंश सेल्सिअसला पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी केल्याशिवाय ते ग्राहकाच्या हाती जाता कामा नये. घरच्या भट्टीवर तापमानाचा भरवसा नसेल, तर औद्योगिक वसाहतीतील उष्णताप्रक्रिया करणाऱ्या कारखान्याकडून पाती एकत्र करून घ्यावीत. त्यात हस्तकौशल्याला कमीपणा येतो, असे आम्हांला वाटत नाही.

किंमत ठरवताना बाजारातील यंत्रावर बनलेल्या सुरीशी स्पर्धा करू नये. समजा, एका सुरीला सहा तास लागतात आणि तासाची मजुरी १०० रुपये धरली, तर मजुरीच ६०० रुपये होते; पोलाद, मुठीचे लाकूड, घासपट्टे, वीज आणि वाया गेलेली पाती त्यावर चढवावी लागतात. एवढी किंमत मोजणारा ग्राहक सुरी गंजल्यास तक्रार करणारच, म्हणून ‘धुऊन लगेच पुसावी, तेलाचा हात फिरवावा’ अशी चिठ्ठी सोबत द्यावी आणि पहिल्या वर्षी धार विनामूल्य लावून द्यावी. धारेसाठी परत आलेली सुरी पाहूनच पाणी कमी पडले की जास्त, हे आपल्याला कळेल. नोकरी मात्र इतक्यात सोडू नये.