लॅसिक करण्याआधी: जाडी आणि कोरडेपणा

प्रश्न : माझं वय २४, दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे ६. कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) जाडी ५१० मायक्रॉन आली आहे. रोज सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स लावते. संध्याकाळी डोळे चुरचुरतात. लॅसिक (चष्म्याचा नंबर घालवणारी लेसर शस्त्रक्रिया) करावी का?

उत्तर : आधी जाडीचा हिशोब करू. लॅसिकमध्ये साधारण ११० मायक्रॉनची पापुद्र्यासारखी झडप उचलतात आणि खालचा थर लेसरने घासतात. एका नंबरला १५ मायक्रॉन धरले, तर तुमचे ९० जातील. खाली ३१० उरतात. किमान २५० उरायलाच हवेत, बरेच सर्जन ३०० चा आग्रह धरतात. म्हणजे तुम्ही बसता, पण काठावर. उरलेला थर कमकुवत पडला तर कॉर्निया हळूहळू पुढे फुगतो आणि नजर वेडीवाकडी होते. याला एक्टेशिया म्हणतात. म्हणून नुसत्या जाडीवर विसंबू नका. टोपोग्राफीच्या, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या, नकाशात केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची) सुरुवात दिसत नाही ना, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. शंका असेल तर लॅसिक नकोच.

या मोजमापाआधी लेन्स किमान एक-दोन आठवडे बंद ठेवा. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि मापं चुकतात. वर्षभरात नंबर ०.५ पेक्षा जास्त बदलला असेल, तर थांबा.

आता चुरचुर. झडप कापताना कॉर्नियाच्या नसा तुटतात, त्यामुळे डोळ्याला कोरडेपणाची जाणीवच नीट होत नाही आणि अश्रू कमी येतात. बहुतेकांना सहा महिने ते वर्षभरात आराम पडतो, काहींचा त्रास मात्र राहतो. आधीपासून कोरडे असलेले डोळे या दुसऱ्या गटात जाण्याचा धोका जास्त, म्हणून आधी त्यावर उपचार घ्या, मगच तारीख ठरवा. ही घाई खरंच करू नका.

झडप न उचलता होणाऱ्या पीआरके या लेसर शस्त्रक्रियेचाही पर्याय विचारा. त्यात तीन-चार दिवस चांगलंच दुखतं, नजर स्थिरावायला काही आठवडे जातात, शिवाय कॉर्नियावर धूसरपणा येऊ शकतो. पण झडप सरकण्याची भीती नाही आणि खाली जास्त जाडी उरते. रात्री दिव्यांभोवती वलयं दोन्हींत दिसू शकतात.

प्रश्न : लेसरनंतर रेटिनाची (डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याची) तपासणी लागते का?

उत्तर : हो. नंबर गेला तरी उणे नंबरचा डोळा मुळात असतो तसा लांबटच राहतो, त्यामुळे रेटिना फाटण्याचा धोका तसाच असतो. अचानक काळे ठिपके वाढले किंवा प्रकाश चमकला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शस्त्रक्रियेआधीची मापं जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी डोळ्यात बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना लागतात.