चर्चच्या सभासदांनी गरीब वस्तीतल्या शाळेत सेवा करायची तर सुरुवात कशी करावी?

तुम्ही विचारलंय की तुमच्या मंडळीतले आठ-दहा जण जवळच्या जिल्हा परिषद शाळेत आठवड्यातून एकदा जायला तयार आहेत, नाताळात दप्तरं वाटून सुरुवात करायचा विचार आहे, तर परवानगी कुणाची घ्यावी आणि लोक धर्मांतराचा संशय घेतील का.

‘दप्तरं’ हा शब्द वाचला आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसलो.

मी एस.टी.त कंडक्टर होतो. रिटायर झाल्यावर मंडळीने मला पंच केलं, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीत घेतलं. २०१७ च्या जूनमध्ये आम्ही चौघं गावाबाहेरच्या वस्तीशाळेत जायला लागलो: मी, मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर आणि तरुण संघातल्या दोन मुली. त्यातली एक गणपतीच्या आत गळाली. शाळा पहिली ते चौथी, पटावर ३४ मुलं. साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक असा शिक्षण हक्क कायद्याचा हिशोब आहे. त्यातले सर मतदार याद्यांच्या कामाला जुंपलेले, म्हणजे बऱ्याचदा मोठ्या बाई एकट्याच चार इयत्ता सांभाळायच्या. आम्ही विचारायला गेलो तेव्हा त्यांनी आधी संशयाने पाहिलं. मग म्हणाल्या, “भाषण करणार नसाल तर या.”

मला तिसरीतली पाच मुलं दिली. त्यात एक मुलगी होती. तिची वही बघून मी चाट पडलो, फळ्यावरचं जसंच्या तसं, अक्षर मोत्यासारखं. म्हटलं, हिला काय शिकवायचं? मग तिचं स्वतःचं वाक्य तिलाच वाचायला दिलं. गप्प. बोट ठेवून विचारलं, हे काय? गप्प. तिला अक्षरं येतच नव्हती. ती चित्र काढावं तसं फळा काढत होती, आणि दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण वही तपासणाऱ्याला वही स्वच्छ दिसत होती. बाईंना मी दोष देत नाही. चार इयत्तांच्या वह्या एकट्या बाईने तपासून बघा.

‘प्रथम’ संस्थेची असर नावाची चाचणी असते. एकाच कागदावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठे अडतं ते पाच मिनिटांत कळतं, आणि इयत्ता विसरून तिथूनच सुरुवात करायची. २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम ४३ टक्के ती दुसरीची गोष्ट वाचू शकली होती. तेव्हा इंग्रजी आणि कॉम्प्युटर शिकवायच्या गप्पा तुमच्या मंडळीत कुणी करत असेल तर त्याला आधी हा कागद हातात द्या.

जुलै ते दिवाळी आम्ही काना, मात्रा, वेलांटी करत बसलो. घ आणि ध मध्ये ती मुलगी शेवटपर्यंत गोंधळायची. गणितासाठी मी माझ्याकडची जुनी तिकिटं नेली, सुटे पैसे नेले, एक जण कंडक्टर आणि बाकीचे प्रवासी. सुटे परत द्यायला ती सगळ्यात पटाईत. दिवाळीच्या सुट्टीआधी तिने न अडखळता एक अख्खा परिच्छेद वाचला. मग मान वर करून म्हणाली, “आता आम्ही कारखान्याला जाणार.”

आमचा पट्टा पाथर्डी-शेवगावचा. इथली कितीतरी घरं मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, त्या उन्हाळा लागल्यावर परत येतात. कोयता म्हणजे तोडणारी जोडी, नवरा-बायको दोघांची, मग धाकट्याला कोपीवर, तिथल्या झोपडीत, सांभाळायला थोरली मुलगी लागते. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? याच माणसांची तिकिटं मी फाडली होती. पण गाडीत बसलेलं पोर कोणत्या शाळेच्या पटावर आहे हे विचारायचं कधी डोक्यात आलं नाही.

आता दप्तरांकडे येतो. माझे साडू आमच्या पंच कमिटीचे खजिनदार. माणूस उत्साही, घसा मोठा. नोव्हेंबरच्या बैठकीत त्यांनी ठरवूनच टाकलं की नाताळला शाळेत दप्तरवाटप. शाळेने पट कळवला, ३४ दप्तरं आली. फ्लेक्स छापला, त्यावर पाळकसाहेब आणि सगळे पंच. माझा फोटो एस.टी.च्या ओळखपत्रावरून घेतलेला, जणू मी पोलिसांना हवा आहे. मी म्हटलं, “साडूभाऊ, आपण जूनपासून गुपचूप जातोय, ते चाललंय तसं चालू द्या.” ते म्हणाले, “तुम्ही पाच पोरांना शिकवता. मी एका दिवसात सगळ्या शाळेला आनंद देतो.”

दप्तरं आमच्या घरी ठेवली होती. आदल्या रात्री सहज एकाची चेन उघडली तर आत वही, पट्टी, कंपासपेटी आणि एक छोटं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राची पुस्तिका. दुसरं उघडलं, त्यातही तेच. मी आणि बायकोने रात्री अकरा वाजेपर्यंत ३४ दप्तरांतून ३४ पुस्तिका काढल्या. बायको रडकुंडीला आलेली, कारण साडू म्हणजे तिच्या सख्ख्या बहिणीचे यजमान. मलाही ते काम करताना बरं वाटलं नाही. शुभवर्तमान काढून बाजूला ठेवणं आमच्या घरात कुणी केलं नव्हतं. पण आईबापांना न सांगता आठ वर्षांच्या पोराच्या दप्तरात घातलेलं पुस्तक म्हणजे आपल्या विश्वासाची साक्ष नव्हे, लबाडी आहे. आणि पूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे राज्यघटनेच्या २८ व्या कलमात लिहिलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष समारंभाला आले. पहिलं दप्तर हातात घेतलं, कुणाला न विचारता चेन उघडली आणि सगळ्यांसमोर आत हात घातला. वही निघाली. पट्टी निघाली. कंपासपेटी निघाली. त्यांनी पुन्हा एकदा तळाशी चाचपून पाहिलं, मग दप्तर मुलाच्या खांद्यावर अडकवलं. साडूंचा चेहरा मी बघितला नाही असं म्हणतो, पण बघितला. त्या दिवशीपासून ते माझ्याशी बोलत नाहीत. उपासनेत दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसतात.

आणि दप्तरं उरली. मी सवयीने डोकी मोजली, १९. बाकीची पोरं उसाच्या फडात. ज्यांना दप्तर नाही म्हणून हा सगळा घाट घातला, नेमकी तीच डिसेंबरात शाळेत नव्हती. फोटो मात्र छान आले.

साडू अजून लोकांना सांगतात की यांना मिशनचा इतिहास माहीत नाही, अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार बाई माहीत नाहीत. माहीत आहेत. १८२७ साली त्या मुंबईत आल्या, नंतर नगरला मुलींना शिकवत राहिल्या आणि १८६२ साली नगरलाच वारल्या. जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली त्याआधी त्यांनी नगरची शाळा पाहिली होती, आणि सावित्रीबाई फरार बाईंकडे शिकायला आल्या होत्या. हे सगळं मुलींच्या समोर वर्षानुवर्षं बसून झालं. वाटप करून गाडीत बसून फरार बाई परत गेल्या असत्या तर त्यांचं नाव आज साडूंना तरी ठाऊक असतं का?

तुमचा प्रश्न राहिलाच. परवानगी मुख्याध्यापकांची आणि शाळा व्यवस्थापन समितीची घ्या. समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात, त्यामुळे तिथे उघडपणे बोललात की निम्मा संशय तिथेच संपतो. कोण येणार, कोणत्या वारी, काय शिकवणार हे साध्या कागदावर लिहून द्या, चर्चचं नाव न लपवता. पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र काढा, कुणी मागितलं नाही तरी. दार उघडं ठेवून बसा, एकट्या मुलासोबत कधीच नको. मुलं विचारतील, तुम्ही ख्रिश्चन का? हो म्हणा आणि धड्याकडे वळा. आठ-दहा जण नेऊ नका, वर्षभर टिकतील असे तिघं न्या. संशय तरीही घेतला जाईल. आमच्यावर अजून घेतात.

हे सगळं दोन शिक्षकी खेड्यातल्या शाळेचं झालं. शहरात महापालिकेची शाळा असेल तर कागद वरपर्यंत जातो, वेळ धरून चला. आणि मी वाटपाच्या विरुद्ध आहे असंही नाही. मी स्वतः मिशनच्या बोर्डिंगात फुकट जेवून शिकलो. वाटायचंच असेल तर जूनमध्ये वाटा, शिक्षकांच्या हातून, फोटोग्राफर न बोलावता. तुमच्या भागातून घरं हंगामाला जात असतील तर दिवाळीआधीच पट घेऊन बसा, कोण जाणार ते विचारा, आणि मुलं मागे ठेवता येतील असं हंगामी वसतिगृह सरकारकडून मिळतं का ते मोठ्या बाईंबरोबर बघा. आम्ही पुढच्या वर्षी बघितलं, उशिरा.

ती मुलगी एप्रिलमध्ये परत आली. काना लक्षात होता, वेलांटी विसरली होती. उरलेल्यातलं एक दप्तर तिला दिलं, त्याची चेन तोपर्यंत बिघडली होती.

आणि साडू हे वाचत असतील, तर वार्षिक अहवालात लिहिलंय तशी उरलेली दप्तरं बारा नव्हती, पंधरा होती. तीन आपल्याच चर्चमधल्या रविवारच्या शब्बाथ शाळेच्या मुलांना दिली, ती ‘शाळेत वाटली’मध्ये धरता येत नाहीत. नोकरीभर वे-बिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरलाय मी.